अमळनेरच्या छात्रालयातले साने गुरुजी

वाचकहो, साने गुरुजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ‘श्यामची आई’ येते. पण कोकणातल्या त्या आईचा मुलगा ‘गुरुजी’ झाला तो आपल्या खानदेशात, अमळनेरला. हे आपणच विसरत चाललोय, म्हणून आज थोडं सांगतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घरची गरिबी, शिक्षण झालं ते हालअपेष्टा सोसून. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शाळेचं छात्रालयही त्यांच्याकडे आलं.

छात्रालयात गुरुजींचा धाक नव्हता. एखाद्या पोराने अंथरूण तसंच टाकलं तर ते स्वतः घडी घालायचे, खोली झाडायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे. पोरं ओशाळायची आणि आपणहून कामाला लागायची. शिवाय मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढायचे. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. आता बघा, पाठ्यपुस्तकापलीकडचं जग त्या पोरांना असं रोज वाचायला मिळालं.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ती उतरून घेतली गुरुजींनी, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव हिंडले. अतिवृष्टीत पिकं गेली तेव्हा शेतसारा माफीसाठी शेतकऱ्यांना एकत्र केलं.

पण अक्षरं शिकवून काय उपयोग, जर शिकलेला माणूस जातीमुळे देवळाच्या आणि पाणवठ्याच्या बाहेरच उभा असेल? हा प्रश्न त्यांना झोपू देईना. १९४७ च्या सुरुवातीला ते महाराष्ट्रभर फिरले. मंदिरं खुली करा, विहिरी खुल्या करा, असं सांगत. शेवटी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. अखेर उपोषण सुटलं आणि विठ्ठलाचं दार हरिजनांना, म्हणजे आजच्या भाषेत दलितांना, उघडण्याचा मार्ग मोकळा झाला.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. त्यानंतरचं स्वप्न ‘आंतरभारती’चं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या मुलांनी एकमेकांची भाषा, गाणी, कला शिकाव्यात, असं त्यांच्या मनात होतं. ते पुरं व्हायच्या आत, ११ जून १९५० रोजी, खचलेल्या मनाने त्यांनी आपली जीवनयात्रा संपवली.

२०२४ साली अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. मोठा सोहळा झाला, छानच झालं. पण गुरुजींचं काम मांडवापेक्षा कंदिलाच्या उजेडात जास्त झालं होतं. तेव्हा एक करा. तुमच्या गावच्या शाळेत पुस्तकांचं कपाट असेल, तर त्याची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. सालदाराच्या पोरीला आणि सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या पोराला त्यातलं पुस्तक घरी नेता येतं का, तेही बघा. येत नसेल, तर ते दार उघडणं आता तुमच्या-आमच्याकडे आहे.