डोंगरावरचा पिवळा-लाल हट्ट

पोर्तुगालला फिरायला गेलेल्यांच्या इन्स्टावर एक राजवाडा हमखास दिसतो. अर्धा पिवळाधमक, अर्धा लाल, धुक्यातून वर आलेला. सिंत्राचा पेना राजवाडा. गंमत म्हणजे तो बांधणारा फर्डिनांड पोर्तुगीज नव्हताच.

१८१६ साली व्हिएन्नात जन्मलेला हा जर्मन घराण्यातला राजपुत्र. एकोणिसाव्या वर्षी त्याचं लग्न पोर्तुगालची राणी मारिया दुसरी हिच्याशी झालं. (पणजी राजधानी झाली ती हिच्याच राजवटीत, १८४३ मध्ये!) राणीचा नवरा म्हणून राजा ही पदवी मात्र लगेच नाही; १८३७ मध्ये वारस जन्मल्यावर मिळाली. गड्याला खरा रस चित्रं काढण्यात, गाण्यात आणि जुन्या वस्तू जमवण्यात.

१८३८ मध्ये त्याने डोंगरमाथ्यावरचा पडका मठ विकत घेतला. १७५५ च्या भूकंपात खिळखिळा झालेला. दुसऱ्या कुणी तो सरळ पाडला असता. याने तो दुरुस्त केला आणि शेजारी नवा राजवाडा उठवला. मदतीला एश्वेगे, म्हणजे चक्क खाणींचा इंजिनीअर! मग काय, इस्लामी घुमट, गॉथिक कमानी, दगडात कोरलेले जहाजाचे दोरखंड, दारावर अर्धा माणूस अर्धा मासा असलेला ट्रायटन, सगळं एकाच इमारतीत. कागदावर खिचडी वाटते, पण प्रत्यक्षात जमून गेलंय. लाल भाग जुना मठ, पिवळा भाग नवा. जर्मनीतला प्रसिद्ध नॉयश्वानस्टाइन यानंतर कितीतरी वर्षांनी सुरू झाला, हे विसरू नका. भोवतीच्या उजाड डोंगरावर त्याने देशोदेशीची झाडं लावून जंगल उभं केलं.

१८५३ मध्ये अकराव्या बाळंतपणात मारिया गेली. मुलगा वयात येईपर्यंत दोन वर्षं त्याने कारभार पाहिला. पुढे ग्रीसची गादी चालून आली, तर तीही नाकारली. १८६९ मध्ये त्याने एलिझे हेन्स्लर या ऑपेरा गायिकेशी लग्न केलं. दरबाऱ्यांची नाकं मुरडली. दोघांनी राजवाड्याच्या बागेतच एक छोटं घर बांधलं, बाहेरून लाकडी वाटणारं.

१८८५ मध्ये तो वारला, तेव्हा मृत्युपत्रात पेना एलिझेच्या नावावर निघाला. केवढा गदारोळ! शेवटी १८८९ मध्ये सरकारने तो तिच्याकडून विकत घेतला.

पुढे रंग उडाले, भिंती राखाडी झाल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस मूळचे रंग परत चढवले, तेव्हा राखाडीची सवय झालेले काहीजण चांगलेच वैतागले होते.