रंग शिकायला बावीस वर्षं

व्ही. शांताराम म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर ‘पिंजरा’ येतो. थोड्या मोठ्या वयाच्या असाल तर ‘नवरंग’, ‘झनक झनक पायल बाजे’. म्हणजे सगळा रंगांचाच कारभार. पण या माणसाचा पहिला रंगीत सिनेमा साफ फसला होता आणि पुन्हा पूर्ण लांबीचा रंगीत सिनेमा करायला त्यांनी तब्बल बावीस वर्षं घेतली, हे किती जणींना माहीत आहे?

शांताराम राजाराम वणकुद्रे. जन्म कोल्हापूरचा, १८ नोव्हेंबर १९०१. शिक्षण बेताचंच. पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत राहिले, मग हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम केलं, तिथल्याच सिनेमा थिएटरच्या दारावर उभे राहिले. १९२० मध्ये कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले आणि पडेल ते काम करत राहिले. बाबुराव नावाप्रमाणेच पेंटर. नाटकाचे पडदे रंगवणारे हात, आणि त्यांनी कॅमेराही स्वतः तयार केलेला. असा गुरू मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, काळ्या-पांढऱ्या सिनेमात रंगाचं काय काम? उलट तेव्हाच जास्त. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू पडद्यावर काळी यायची. कपाळावरचं ठसठशीत कुंकू म्हणजे काळा ठिपका! कुठल्या रंगाचं लुगडं पडद्यावर किती गडद दिसेल, चेहऱ्याला काय फासलं तर तो माणसाचा वाटेल, हे सगळं आधी डोक्यात बांधावं लागे.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ कंपनी काढली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. आणि लगेच १९३३ मध्ये ‘सैरंध्री’, तोही रंगीत करायचा असं ठरलं. द्रौपदी विराटाच्या घरी दासी होऊन राहते, ती गोष्ट. आपलं जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि तिकडे कोल्हापुरात हा खटाटोप चाललेला.

रंग आणायची तेव्हाची युक्ती अशी की कॅमेऱ्यात एकीवर एक अशा दोन फिल्म चालवायच्या. एक लालसर बाजू टिपणार, दुसरी हिरवट-निळी. मग त्या दोन्हींवरून छापायचं. म्हणजे दोनच डब्या घेऊन संक्रांतीची रांगोळी काढण्यासारखं झालं. ना खरा पिवळा, ना खरा जांभळा. आपल्याकडे तशी फिल्म धुऊन छापायची सोयही नव्हती. शांतारामबापू फिल्म घेऊन थेट जर्मनीला गेले. बत्तीस वर्षांचेही नव्हते. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. भडक झाले. एवढा पैसा, एवढा प्रवास आणि हाती हे! पुढे १९३७ मध्ये मुंबईच्या इंपीरियल कंपनीचा ‘किसान कन्या’ आला आणि देशातच तयार झालेला पहिला रंगीत सिनेमा हा मान त्याला मिळाला.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथे. त्यांनी हट्टाने लगेच दुसरा रंगीत सिनेमा काढला नाही. जर्मनीत जे नवं पाहिलं ते घेऊन आले आणि ‘प्रभात’ पुण्याला हलल्यावर ‘अमृतमंथन’मध्ये वापरलं. त्यात पडदाभर एकच डोळा दिसतो, तो लांबून जवळचं टिपणाऱ्या भिंगामुळे. मग ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१). सगळे काळे-पांढरे. ‘कुंकू’ची गंमत बघा, नावातच लाल रंग आणि पडद्यावर तो कुठेच नाही. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली शांता आपट्यांची नीरा वाकायला तयार नाही, एवढं आपल्याला दिसतं, आणि तेवढं पुरतं.

हे सगळं मी वाचायला घेतलं त्याला कारण आमची भाचेसून. इथे जालन्यात तिचा नवरा लग्नाचं शूटिंग करतो आणि ही घरी बसून एडिटिंग. गेल्या वर्षभरात ती कलर ग्रेडिंग शिकली. त्याचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, दा विंची रिझॉल्व्ह नावाचं. पडद्याखाली गोल चकत्या असतात, एक काळोख्या भागाची, एक मधल्या उजेडाची, एक झगझगीत भागाची. चकती जराशी सरकवली की कार्यालयातल्या जांभळ्या दिव्यांत निळी पडलेली वरमाय पुन्हा माणसात येते. बाजूला आलेख चालू असतो, कारण डोळा फसतो. पाच मिनिटं पिवळं बघितलं की पिवळंच खरं वाटायला लागतं.

तिने मला एक गोष्ट दाखवली ती मी विसरणार नाही. रंग मोजायचं एक गोल वर्तुळ असतं आणि त्यात एक तिरकी रेघ. माणसाची कातडी गोरी असो की सावळी, तिचा रंग साधारण त्या एकाच रेघेवर पडतो, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं लाल. फरक मुख्यतः उजेडाचा. आणि नेमक्या याच कामात तिला सारखं ऐकावं लागतं, नवरी जरा उजळ करा. एका लग्नात मुलीच्या आईनेच निरोप धाडला. हिने एक तुकडा उजळ करून दाखवला. हळद लिंबासारखी फिकी झाली, हिरवा चुडा विटला, आणि मुलगी तिची राहिली नाही. शेजारी दुसरा तुकडा ठेवला, सावळा चेहरा तसाच, फक्त दिव्यांचा निळेपणा काढलेला. मुलीने तो दुसरा उचलला. आई गप्प होती. पैसे मात्र पूर्ण आले, हेही सांगायला हवं!

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा हे काम प्रयोगशाळेत व्हायचं. फिल्म छापताना प्रत्येक दृश्याला लाल, हिरवा आणि निळा उजेड किती द्यायचा, हे जाणकार माणूस डोळ्याने ठरवायचा.

शांतारामबापूंनी १९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून मुंबईत परळला ‘राजकमल’ उभारलं. राजाराम आणि कमला, आईवडिलांच्या नावांवरून. १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ आला, टेक्निकलरमध्ये. सोहराब मोदींचा ‘झांसी की रानी’ त्याआधी दोन वर्षं येऊन गेला होता. टेक्निकलरची प्रत म्हणजे छापील लुगडं, तीन रंगांचे ठसे एकावर एक. ठसा केसभर हलला तरी चेहरा बिघडणार. यावेळी रंग उतरले. गोपीकृष्णांसमोर उभं राहता यावं म्हणून संध्या या नर्तकी नसलेल्या नटीने नाच शिकून घेतला, ती मेहनत पडद्यावर दिसते.

या चरित्रातलं एक पान मात्र मला उलटून जाता येत नाही. घरी विमलाबाई, मग जयश्रीबाई, मग संध्या. नीरेची बाजू पडद्यावर इतक्या जोरात मांडणाऱ्या माणसाच्या घरातल्या बायकांची बाजू कोणी मांडली? मला तरी सापडली नाही.

रंगात एवढं यश मिळाल्यावर दुसरा कोणी रंगातच राहिला असता. यांनी १९५७ मध्ये ‘दो आंखें बारह हाथ’ काढला, काळा-पांढरा. सहा कैदी, एक जेलर, उजाड माळ. तिथे रंग नकोच होता. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. त्याच सिनेमात बैलाशी झुंजीचं दृश्य करताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. पट्ट्या बांधून पडून राहावं लागलं, दृष्टी परत येईल की नाही याची धास्ती. त्या अंधारात त्यांना रंग दिसत राहिले आणि बरे झाल्यावर १९५९ मध्ये त्यांनी ‘नवरंग’ केला. सिनेमाच्या सुरुवातीला स्वतः समोर येऊन ते हे सांगतात. होळीच्या नाचात संध्या एकाच अंगाने बाईही होते आणि पुरुषही. तो भडक आहे, हो. पण डोळे परत मिळालेल्या माणसाने केलेला भडकपणा आहे.

१९७२ मध्ये ‘पिंजरा’. मूळ गोष्ट ‘ब्लू एंजल’ या जर्मन सिनेमावरून, रंग मात्र आपल्या तमाशाचा. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत शांतारामबापू गेले. पुण्यातल्या ‘प्रभात’च्या जागेवर १९६० पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कॅमेरा, संपादन तिथे शिकवतात आणि मुलीही शिकतात.