दाखला नसलेला संशोधक

हाड मोडले की डॉक्टर आधी एक्स-रे काढायला सांगतात. पण हे किरण शोधणाऱ्या विल्हेल्म राँटगेन यांच्यापाशी शालान्त परीक्षेचा दाखलाच नव्हता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप गावी एका कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. बालपण हॉलंडमध्ये गेले. उट्रेख्टच्या शाळेत कुणीतरी शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. राँटगेन यांनी त्या मुलाचे नाव सांगितले नाही, म्हणून त्यांनाच शाळेतून काढून टाकले. पुढे झुरिकच्या पॉलिटेक्निकने प्रवेशपरीक्षा घेऊन त्यांना दार उघडले. १८६९ साली ते डॉक्टरेट झाले. तरीही वुर्झबर्ग विद्यापीठाने त्या दाखल्यापायी त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. त्याच वुर्झबर्गने १८८८ मध्ये त्यांना प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलावले!

तेथेच ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, काळ्या कागदाने झाकलेल्या निर्वात नळीतून ते वीज सोडत असता, दूरचा रासायनिक पडदा अंधारात चमकू लागला. नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर आदळून अदृश्य किरण निघत होते. अज्ञात म्हणून त्यांचे नाव क्ष-किरण. २२ डिसेंबरला पत्नी बर्था यांनी सुमारे १५ मिनिटे हात स्थिर धरला, तेव्हा बोटांची हाडे आणि अंगठी काचेवर उमटली.

१९०१ चे पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली; पेटंटही घेतले नाही. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा झोत आता फार पुढे गेला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे २००९ साली आणि जर्मनीत हॅम्बुर्गजवळ २०१७ साली प्रचंड यंत्रे सुरू झाली. त्यांत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन उलटसुलट ध्रुवांच्या चुंबकांमधून नागमोडी नेतात. त्यातून निघालेले क्ष-किरणच इलेक्ट्रॉनांना रांगांत बसवतात. मग सारे एका तालात किरण सोडतात आणि झोत अनेक पटींनी प्रखर होतो. सेकंदाचे एक कोटी भाग करावेत, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी. जवळपास एवढाच त्या स्पंदाचा अवधी! एवढ्या क्षणात हलत्या अणूंचेही चित्र टिपता येते.

घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. दाखल्याची किंमत आम्हाला चांगली कळते. पण दाखला दारापर्यंत नेतो. अंधारात चमकणारा पडदा पाहायला डोळे जागे लागतात, हे राँटगेन यांनी दाखवून दिले.