सयाजीराव गायकवाड : राज्यभाषा आणि प्रजेचा उद्योग

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ मध्ये एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आले आणि तिसरे सयाजीराव झाले. १८८१ मध्ये त्यांना पूर्ण राज्याधिकार मिळाले. राजघराण्याची भाषा मराठी, सार्वभौम सत्तेची इंग्रजी आणि बहुसंख्य प्रजेची गुजराती होती. सयाजीरावांनी कायदे व न्यायदान यांसाठी प्रजेची भाषा स्वीकारली.

हे धोरण कचेरीपुरते राहिले नाही. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या हे विषय गुजरातीतून शिकविले जात. इंग्रजीच्या अभावी कारागीर नव्या विद्येला मुकत नसे. १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झालेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये राज्यभर लागू झाले. १९०८ मध्ये बडोदा बँक निघाली, तर १९१० पासून ग्रंथालये खेडोपाडी पोहोचली. साक्षरता, कसब आणि भांडवल यांची अशी सांगड पडत गेली. उच्च शिक्षण मात्र इंग्रजीतच राहिले. ही या धोरणाची मर्यादा होय.

१९३१ मध्ये त्यांच्या प्रेरणेने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहारकोश प्रसिद्ध झाला. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वभाषेचा अभिमान त्यांनी प्रजेच्या भाषेवर लादला नाही, हेच त्यांच्या भाषानीतीचे सार होय.