विलोबी डेटन मिलर

विलोबी डेटन मिलर (१ ऑगस्ट १८५३ - २७ जुलै १९०७) हे अमेरिकन दंतवैद्य व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांच्या कार्याचा बहुतेक काळ जर्मनीतील बर्लिन येथे गेला. दंतक्षयाची मीमांसा करणारा त्यांचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. किडलेल्या दाताच्या मुळात सूक्ष्मजीव असतात हे दाखवणारे त्यांचे संशोधन त्या मानाने कमी सांगितले जाते; तथापि आज रूट कॅनाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचाराच्या इतिहासात त्याला पायाभूत स्थान आहे.

जीवन

मिलर यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अलेक्झांड्रिया या लहान गावी झाला. मिशिगन विद्यापीठातून ते १८७५ साली पदवीधर झाले. त्यांचा ओढा गणित व भौतिकशास्त्र यांकडे होता आणि त्याच अभ्यासासाठी ते प्रथम एडिंबरा येथे व नंतर बर्लिनला गेले. बर्लिनमध्ये त्यांचा अ‍ॅबट या अमेरिकन दंतवैद्यांशी परिचय झाला आणि आयुष्याची दिशाच बदलली. मिलर अमेरिकेत परतले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १८७९ साली दंतवैद्यकाची पदवी घेऊन पुन्हा बर्लिनला आले. अ‍ॅबट यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. १८८४ साली बर्लिन विद्यापीठात दंतवैद्यक संस्था सुरू झाली, तेव्हा दात वाचवण्याच्या उपचारांचे अध्यापन या परदेशी तरुणाकडे सोपवण्यात आले.

दंतक्षयाविषयीचे संशोधन

रॉबर्ट कॉख यांनी याच बर्लिनमध्ये १८८२ साली क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला होता. कॉख यांच्या प्रयोगशाळेतील पद्धती मिलर यांनी आत्मसात केल्या व त्या तोंडातील सूक्ष्मजीवांना लावल्या. दातात अळी शिरते व तो पोखरते ही समजूत जगभर फार जुनी आहे. मराठीतील दाताला कीड लागणे हा प्रयोगही तिचीच आठवण देतो. अठराव्या शतकातच फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी ती नाकारली होती. पण मग दात कशाने किडतो, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नव्हते.

मिलर यांनी काढलेले दात लाळ व पाव यांच्या मिश्रणात शरीराच्या तापमानाला ठेवले. काही काळाने दातांतील क्षार विरघळून ते मऊ पडले. पावाऐवजी मांस घातले असता तसे झाले नाही. मिश्रण आधी उकळून घेतल्यासही दातांना इजा झाली नाही. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की तोंडातील सूक्ष्मजीव पिष्टमय व गोड अन्नापासून आम्ल तयार करतात, आम्लामुळे दाताचे कठीण आवरण विरघळते आणि त्यानंतर जंतू आतील भागाचा नाश करतात. यासाठी कोणताही एकच जंतू जबाबदार नाही, असेही त्यांचे मत होते. हा सिद्धान्त त्यांनी तोंडातील सूक्ष्मजीवांवरील ग्रंथात मांडला. मूळ जर्मन ग्रंथ १८८९ मध्ये व त्याची इंग्रजी आवृत्ती १८९० मध्ये प्रसिद्ध झाली. दातावर साचणाऱ्या चिकट थराचे महत्त्व मात्र त्यांनी पुरेसे मानले नाही. ही उणीव इतर संशोधकांनी भरून काढली.

दाताचे मूळ व जंतू

दाताच्या पोकळीतील मऊ मगजापर्यंत कीड पोचली, की असह्य ठणका लागतो, मगज मरतो व मुळाच्या टोकाशी पू होतो. एकोणिसाव्या शतकात अशा दातावर उपचार करण्याची साधने हळूहळू जमत गेली. मगज मारण्यासाठी १८३६ पासून सोमल वापरला जाऊ लागला. एडवर्ड मेनार्ड यांनी १८३८ मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगपासून मगज बाहेर काढण्याची बारीक सळई बनवली. दात कोरडा राखणारा रबराचा पातळ पडदा १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम यांनी आणला, आणि १८६७ च्या सुमारास मुळातील नलिका गटापर्चाने भरण्यास सुरुवात झाली. हे मेनार्ड बंदुकांचे संशोधक म्हणूनच अधिक प्रसिद्ध होते. हात कुशल होते, साधनेही होती. परंतु वरवर सारखेच उपचार एका दातात टिकत व दुसऱ्यात पुन्हा पू होई, याचे कारण कळत नव्हते.

मिलर यांनी १८९४ साली रोगग्रस्त मगजाच्या सूक्ष्मजीवशास्त्रावर निबंध प्रसिद्ध केला. मगजात गोल, दंडाकार व मळसूत्री असे नाना प्रकारचे जंतू त्यांना आढळले. नलिकेच्या वरच्या, मधल्या व टोकाकडील भागांत ते सारखे नव्हते. सूक्ष्मदर्शकातून दिसणारे कित्येक जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. त्यांपैकी पुष्कळ जंतू हवेत वाढू शकत नाहीत, ही गोष्ट पुढे स्पष्ट झाली.

पूर्वी, १८९१ मध्ये, तोंडातील जंतू शरीराच्या अन्य भागांत रोग उत्पन्न करू शकतात असे त्यांनी प्रतिपादन केले होते. मात्र त्यासाठी दात उपटावा असे न सांगता मुळाची नलिका स्वच्छ करून भरावी, असाच त्यांचा सल्ला होता. पुढे, १९१० नंतर, ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांच्या टीकेमुळे दातांतील जंतुसंसर्गाची धास्ती वाढली आणि अनेक रोगांवर इलाज म्हणून असंख्य दात काढून टाकण्यात आले. त्यांतील कितीतरी दात वाचवता आले असते. मिलर यांच्या विचाराचा अर्धाच भाग उचलला गेला, हे दंतवैद्यकाच्या इतिहासातील दुर्दैवच म्हणावे लागेल. मगज उघडा पडूनही जंतू नसतील तर तो मरत नाही, हे अमेरिकेत १९६५ साली जंतुमुक्त उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले.

अखेरचा काळ

आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाचे अध्यक्षपदही मिलर यांनी भूषवले. मिशिगन विद्यापीठाने त्यांना दंतवैद्यक विद्यालयाचे प्रमुखपद देऊ केले, ते त्यांनी स्वीकारले व १९०७ मध्ये ते मायदेशी परतले. पदाची सूत्रे हाती घेण्यापूर्वीच ओहायोतील न्यूअर्क येथे आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने महासंघाने पारितोषिक ठेवले असून त्याचे पहिले मानकरी, १९१० साली, ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक हे होते.