वाऱ्याला वर्गात बसवणारे सर

‘पवनऊर्जेचे फायदे लिहा’ हा प्रश्न मी शाळेत दरवर्षी पाठ करून सोडवला आणि मार्कही मिळवले. पवनचक्की जवळून पाहिली ती मात्र इंजिनीअरिंगला आल्यावर, साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर. एवढ्या मोठ्या चक्कीला पाती तीनच का, हे काही मला सांगता येईना. उत्तर शोधताना एका शिक्षकाची ओळख झाली. त्यांचं नाव पॉल ला कूर.

ला कूर यांचा जन्म 1846 साली डेन्मार्कमध्ये, एका शेतकरी घरात झाला. शिकून ते हवामानशास्त्रज्ञ झाले आणि 1872 मध्ये तिथल्या नव्या हवामान संस्थेत उपप्रमुखही झाले. तारयंत्रावर त्यांनी शोध लावले. लोक त्यांना डेन्मार्कचा एडिसन म्हणत. असा माणूस 1878 मध्ये राजधानीतली नोकरी सोडून आस्कोव नावाच्या खेड्यात मास्तर झाला!

आस्कोवची शाळा आपल्यासारखी नव्हती. तिला ‘लोक-हायस्कूल’ म्हणत. खेड्यातली तरुण मुलं तिथं राहून शिकत. परीक्षा नाही, मार्क नाहीत. ला कूर तिथं गणित आणि फिजिक्स शिकवत. कुठलाही नियम माणसाला कसा सापडला, त्याची गोष्ट सांगत सांगत ते शिकवायचे.

पण त्यांना एक काळजी होती. वीज शहरातच राहिली, तर खेडी अंधारात राहतील आणि पोरं गाव सोडतील. गावात कोळसा नव्हता, पण वारा भरपूर होता. म्हणून 1891 मध्ये सरकारी मदत घेऊन त्यांनी शाळेतच पवनचक्की उभारली आणि तिला डायनॅमो जोडला.

वारा कधी जोरात, कधी मंद. डायनॅमोला सारखा जोर मिळावा म्हणून त्यांनी पट्टा, पुली आणि वजनं वापरून साधंसं यंत्र बनवलं. वारा पडल्यावर काय? तर विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवायचा. 1895 पासून सात वर्षं शाळेत याच हायड्रोजनचे दिवे लागत होते. त्यात ऑक्सिजन मिसळला की स्फोट होऊन खिडक्यांच्या काचा फुटायच्या. सरांनी काचा बदलल्या, प्रयोग सोडला नाही. पुढे बॅटऱ्या आल्या आणि गावालाही वीज मिळाली.

स्वतः बनवलेल्या वायुबोगद्यात छोटी पाती ठेवून त्यांनी मोजमाप केलं. वीज करायची तर कमी पात्यांची, वेगानं फिरणारी चक्की बरी, असं निघालं. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथं होतं!

1904 पासून ते खेड्यातल्या मुलांना वायरमनचं काम शिकवू लागले. 1908 मध्ये ते वारले. 1918 पर्यंत डेन्मार्कमधल्या जवळजवळ 120 स्थानिक वीजकेंद्रांकडे पवनचक्की होती. त्यांच्या कोर्सचा सुरुवातीचा विद्यार्थी योहानेस यूल. त्यानं 1957 मध्ये गेडसर इथं 200 किलोवॅटची तीन पात्यांची चक्की उभी केली. आजच्या चक्क्या त्याच वळणाच्या आहेत.

आता आपलं बघा. जर्नल रूममेटचं, प्रोजेक्ट विकतचा आणि व्हायवाच्या आदल्या रात्री पाठांतर. मीही यातलाच, म्हणून बोलतोय. यंदा निदान एक मॉडेल आपल्या हातानं करूया. नाही चाललं तरी चालेल. काचा तर ला कूर सरांच्याही फुटल्या होत्या!