पृथ्वीच्या ढालीची नोंद ठेवणारे नानाभाई मूस

ताप एकदा मोजून आजार कळत नाही. त्यासाठी तक्ता लागतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा असा तक्ता मुंबईत १८४६ पासून लिहिला जात होता. तो तुटू न देणारे शास्त्रज्ञ म्हणजे नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस.

त्यांचा जन्म ऑक्टोबर १८५९ चा. त्याआधी जेमतेम दोन महिने, २ सप्टेंबरला, सूर्यावरून आलेल्या वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरले होते. कुलाबा वेधशाळेच्या नोंदीत क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेली दिसते. एडिंबरोत शिकून आलेले मूस १८९६ मध्ये याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

लवकरच पेच उभा राहिला. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या विद्युतप्रवाहाने कुलाब्याच्या नाजूक सुया ढळल्या असत्या आणि अर्धशतकाची नोंद तिथेच थांबली असती. मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली गेली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली, म्हणजे जुन्या-नव्या नोंदी एकमेकींशी जुळवता याव्यात. मगच कुलाब्याची चुंबकीय उपकरणे थांबली.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. असंख्य आकड्यांतून त्यांनी वादळाचा क्रम मांडला: क्षेत्र आधी थोडे वाढते, मग झपाट्याने घसरते आणि पुढे हळूहळू पूर्ववत होते.

या घसरणीचा संबंध आज अंतराळवीरांच्या प्रकृतीशी आहे. सूर्यावरील स्फोटातून वेगवान प्रोटॉन सुटतात. पृथ्वीचे क्षेत्र त्यांतले बरेचसे वळवून लावते. ध्रुवांजवळ मात्र ही ढाल उघडी असते. चुंबकीय वादळात ढाल दुबळी होते आणि ध्रुवांजवळचा उघडा भाग विषुववृत्ताकडे पसरतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ५१.६ अंश अक्षांशापर्यंत जाते. एरवी सुरक्षित असलेल्या मार्गावरही मग त्याला प्रोटॉनचा मारा बसू शकतो.

हे कण पेशींतील डीएनए तोडतात. मात्रा वाढली तर पुढे कर्करोग आणि मोतीबिंदूचा धोका वाढतो. फार मोठ्या मात्रेने उलट्या होतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते. ऑगस्ट १९७२ मध्ये असा मोठा मारा झाला. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतले होते, अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघायचे होते, म्हणून यात्री वाचले. ऑक्टोबर २००३ च्या वादळात स्थानकातील अंतराळवीरांना जाड आवरणाच्या भागात जावे लागले.

जमिनीवर मात्र घाबरण्याचे कारण नाही. मारेगावच्या शिवारात काम करणाऱ्याच्या डोक्यावर हवेचा जाड थर असतो. सौर वादळाच्या दिवशी घरातच थांबा, असे मोबाइलवर फिरणारे सल्ले निराधार आहेत.

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये वारले. पहिला उपग्रह उडायला अजून २१ वर्षे होती. १८५९ च्या वादळाचा कुलाब्यातला आकडा २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासला. आजही सर्वात मोठ्या वादळाची चर्चा निघाली की मापदंड म्हणून तोच पुढे येतो. अलिबागची नोंद अजून सुरू आहे.